ड्रायव्हर सीटचं लेदर गेलंय: रंगवू, शिवून घेऊ की सरळ बदलून टाकू?

देवराई

नमस्कार मंडळी. गाड्यांच्या बाबतीत इथे जाणकार बरेच आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

बाबांची गाडी २०१२ ची. बेज रंगाच्या लेदर सीट्स, आजवर १,१८,००० किमी झालेत. इंजिन ठणठणीत आहे, गाडी विकायचा विचारही नाही. पण ड्रायव्हर सीटच्या दाराकडच्या अंगाला जो उंच फुगवटा असतो, त्यावरचा तळहाताएवढ्या जागेतला रंग पार उडालाय. आतून करडं, लव आल्यासारखं काहीतरी दिसतंय. दोन भेगा आहेत, नखाचं टोक आत जाईल इतक्या. शेजारची शिवण बोटभर उसवली आहे.

हे कशामुळे झालं तेही ठाऊक आहे. बाबा ७४ वर्षांचे आहेत, दोन्ही गुडघे दुखरे. उतरताना ते आधी त्या फुगवट्यावर सरकत येतात, तिथेच क्षणभर टेकतात, श्वास घेतात आणि मग दाराला धरून उठतात. बारा वर्षं रोज हेच चाललंय. बाकी सीट, मागची बाक, सगळं अजून छान आहे.

एका कुशनवाल्याला दाखवलं. त्याने अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाला, "लेदर मेलंय मॅडम. पाची सीट नापा करून देतो, सोळा हजार." रंगवता येईल का विचारलं, तर म्हणे रंग टिकत नाही. एवढं चांगलं चामडं एका कोपऱ्यापायी फाडून टाकायला माझं मन धजत नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून खोबरेल तेल लावून पाहिलं. दोन दिवस चकाकलं, तिसऱ्या दिवशी बाबांच्या पायजम्याला पिवळट डाग पडले आणि भेगांत धूळ बसून त्या काळ्या झाल्या.

घरी करण्यासारखं काम आहे का? पुण्यात राहते. कोणी केलं असेल तर सगळं सविस्तर सांगा, घाई नाही.

टीपशिलाई

ताई, आमचं साताऱ्यात कुशनचंच दुकान आहे, वडिलांपासूनचं. तेव्हा धंद्याच्या बाजूने सांगतो: तुमचं लेदर मेलेलं वाटत नाही. त्याच्यावरचा रंग गेलाय.

लोकांचा गोंधळ इथेच होतो. गाडीतलं चामडं म्हणजे नुसतं चामडं नसतं. साधारण एक ते सव्वा मिलिमीटर जाडीचं कातडं, त्यावर रंगाचे थर आणि सगळ्यात वर पॉलीयुरेथेनचा पारदर्शक थर. वरचे सगळे थर मिळून जेमतेम केसाच्या जाडीचे. आपला हात, पँट, घाम हे सगळं त्या वरच्या थरालाच लागत असतं. तो घासून गेला की रंग उघडा पडतो, रंग गेला की खालचे तंतू दिसायला लागतात. तुम्हाला दिसलेली लव ती हीच.

तेल का चाललं नाही ते आता लक्षात येईल. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं असतं, वर रंगाचा थर नसतो. तिला तेल पाजलं की ती ते पिते आणि नरम होते. गाडीचं चामडं बहुतेक क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं आणि वरून बंद केलेलं. तेल आत जायला वाटच नाही, ते वरच बसतं, धूळ धरतं, कपड्याला लागतं. आणि जिथे रंग उडालाय तिथे मात्र ते थेट तंतूंत शिरतं, मग त्यावर पुढे काहीच धरत नाही. त्यामुळे तुम्हाला आधी ते तेल काढायला लागेल.

पण सगळ्याआधी दोन गोष्टी बघून सांगा. चांगल्या भागावर पाण्याचा एक थेंब टाका, उडालेल्या भागावर एक. आणि उसवलेल्या शिवणीतून आत बॅटरी मारून बघा: मागची बाजू केसाळ, तंतूंची आहे की विणलेलं कापड दिसतंय? तंतू असतील तर चामडं. कापड असेल तर रेक्झिन किंवा लेदरेट. कंपनीच्या सीट्सनाही बसायच्या भागाला चामडं आणि बाजूला, पाठीमागे रेक्झिन असं सर्रास असतं. दोन्हींची औषधं वेगळी.

आणि नापाबद्दल. मूळ शब्द मऊ, उत्तम चामड्याचा आहे. आज बाजारात सीट कव्हरला "नापा" म्हणून जे मिळतं ते बहुतेक पीयूचं, म्हणजे पॉलीयुरेथेनचा थर दिलेलं, कापड असतं. वाईट असतं असं नाही, पण तुमच्या मूळ चामड्याच्या बदल्यात ते घेताय हे माहीत असू द्या.

मांडवीकाठ

पीयूचा विषय निघालाच आहे तर गोव्यातून एक सांगतो. माझ्या गाडीला लेदरेटची कव्हरं घातली होती. चौथ्या पावसाळ्यानंतर पापुद्रे सुटायला लागले. उन्हात सोलवटलेल्या पाठीसारखं व्हायचं, बसून उठलं की शर्टाला काळे कपटे. मी रंग, भरणी, सगळं करून पाहिलं. एक ठिकाण दुरुस्त केलं की शेजारी सुटायचं.

नंतर कारण समजलं. पीयूच्या रेणूंच्या साखळ्या हवेतल्या दमटपणाने हळूहळू तुटतात. म्हणजे वरून नव्हे, थर आतूनच कुजत येतो. त्यामुळे पापुद्रे सुटणारं लेदरेट दुरुस्त होत नाही, तो तुकडा बदलणं एवढंच हातात राहतं. किनारपट्टीवर ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी नवीन कव्हर घेताना चांगल्या पीव्हीसीचाही विचार करावा. ते ऊन खाऊन कडक होतं, तडकतं, पण दमटपणाने असं सुटत नाही.

देवराई

टीपशिलाई दादा, खूप आभार. बघितलं सगळं.

चांगल्या भागावर थेंब मण्यासारखा उभा राहिला. उडालेल्या भागावर काही सेकंदांत आत शिरला आणि तिथे गडद डाग दिसला, वाळल्यावर गेला. शिवणीतून आत तंतूच आहेत, मांजराच्या कानाच्या आतल्या बाजूसारखे. पण त्याखालचा प्लास्टिकच्या पट्टीलगतचा तुकडा कापडाच्या पाठीचा निघाला, म्हणजे तो रेक्झिनचा. तो शाबूत आहे.

आणखी एक. पांढरं सुती फडकं ओलं करून, किंचित बेबी शाम्पू घालून, बसायचा भाग पुसला. फडकं चहासारखं तपकिरी झालं. मी समजत होते सीटचा रंगच तसा आहे. हेडरेस्ट वर ओढून त्याच्याखाली पाहिलं तर मूळ बेज कितीतरी फिकट आहे!

गोदाकाठ

मी हे काम स्वतः केलंय, मागच्या हिवाळ्यात, नाशिकला. तुमच्यासारखाच फुगवटा, फक्त काळा रंग. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा जमलं. चुकांसकट सांगतो, कारण यूट्यूबवर कोणी चुका दाखवत नाही.

आधी सफाई. मऊ ब्रश आणि लेदर क्लीनर, गोल गोल फिरवत, फेस लगेच टिपून घ्यायचा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन फक्त दुरुस्तीच्या जागी पुसायचं, म्हणजे तेल आणि जुनी पॉलिश निघते. माझी पहिली चूक इथली. सीटवर आधी डॅशबोर्डची चकाकणारी पॉलिश मारलेली होती, त्यात सिलिकॉन असतं. मी एकदाच पुसून रंग दिला आणि रंग जागोजागी मागे सरकून माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडले. सगळा रंग पुसून पुन्हा पहिल्यापासून. तुमचं तर खोबरेल तेल मुरलंय, तेव्हा दोन-तीन दिवस रोज पुसा, मध्ये वाळू द्या, थेंब टाकल्यावर डाग एकसारखा पसरतो का बघा.

मग पॉलिश पेपर, ४०० नंबरचा, हलक्या हाताने. उभ्या राहिलेल्या कडा बसवायच्या एवढंच काम. तंतू फार मोकळे असतील तर लहान कात्रीने छाटा.

यानंतर बाइंडर. दुधासारखं पातळ द्रव्य असतं, स्पंजने लावायचं, ते तंतूंमध्ये शिरून त्यांना एकमेकांशी धरून ठेवतं. मी पाच हात दिले, प्रत्येक हातानंतर हेअर ड्रायर. ही पायरी लोक गाळतात, कारण डोळ्यांना फरक दिसत नाही. पण बोट फिरवून बघा: आधी फ्लॅनेलसारखं लागणारं चामडं पाचव्या हातानंतर पुन्हा चामड्यासारखं लागतं. माझ्या मते सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. तिच्याशिवाय वरचा रंग भुसभुशीत भिंतीवर दिल्यासारखा होतो.

भेग आरपार असेल तर आतून कापडाचा तुकडा सरकवावा लागतो. चिमट्याने आत ढकलायचा, सपाट करायचा आणि लवचिक राहणाऱ्या गोंदाने चिकटवायचा. झटपट चिकटणारा गोंद अजिबात वापरू नका. तो काचेसारखा कडक होतो आणि त्याच्या कडेने नवीन भेग जाते.

मग भरणी, म्हणजे लेदर फिलर. माझी दुसरी चूक. घाई होती म्हणून जाडजूड एकच थर दिला. वरून वाळला, आतून ओला राहिला, आणि तिसऱ्या दिवशी बसलो तर बिस्किटासारखा तडकला. जुनं एटीएम कार्ड घ्या, त्याने ओढत कागदाएवढा थर द्या, वाळू द्या, परत द्या. मला चार थर लागले. शेवटी ६०० नंबरचा पेपर. बोट फिरवल्यावर कड लागली नाही की झालं. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, डोळे मिटून बोट फिरवा.

रंग पाण्यातला, लेदरसाठीचाच. बेजचं काम काळ्यापेक्षा अवघड, तुम्हाला पिवळसर, तपकिरी, चिमूटभर काळा असे थेंब मिसळत जायला लागेल. हा रंग ओला असताना फिकट दिसतो, वाळला की थोडा गडद होतो. म्हणून सीटच्या लपलेल्या जागी ठिपका द्या, ड्रायरने वाळवा, मग ठरवा. आणि बाहेर उजेडात ठरवा. पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात हिरवट दिसू शकतो. पहिला हात स्पंजने टिपत द्या, म्हणजे भेगांत बसतो. नंतरचे हात एअरब्रशने किंवा छोट्या स्प्रेने, अगदी धुकं मारल्यासारखे.

शेवटी टॉपकोट, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर. चकाकीचा घेऊ नका, मॅट घ्या, कंपनीची सीट कधी चकाकत नसते. रोज घासला जाणारा भाग असल्याने त्यात क्रॉसलिंकर, म्हणजे थर घट्ट बांधून टिकाऊ करणारं द्रव्य, मिसळावा लागतो. बाटलीवर दिलेलं प्रमाण पाळा, आणि मिसळलेलं मिश्रण काही तासांत वापरून टाका, राहिलेलं उद्याला चालत नाही. मग निदान दोन-तीन दिवस त्या सीटवर कोणीही बसायचं नाही.

पावसाळ्यात हे काम काढू नका. सगळी द्रव्यं पाण्यातली आहेत, हवेत ओल असली की वाळता वाळत नाहीत. डिसेंबर-जानेवारी उत्तम.

सह्यवारा

वाचतोय, छान माहिती. पण प्रामाणिक शंका: एवढा खटाटोप कशाला? वरून चांगलं कव्हर चढवलं की झाकलं जाईल, बाबांना बसायलाही नवं.

टीपशिलाई

सह्यवारा, कव्हर विकणं हा माझाच धंदा, तरी सांगतो. तडा गेलेलं चामडं झाकलं म्हणून थांबत नाही. आत घासत राहतं, भेग वाढते. आणि खालचा फोम चुरत असेल तर तेही कळत नाही.

त्याहून मोठी गोष्ट एअरबॅगची. बऱ्याच गाड्यांत साइड एअरबॅग पुढच्या सीटच्या पाठीतच असते, दाराकडच्या बाजूला. सीटच्या कडेला त्याची चिठ्ठी शिवलेली दिसते. ती पिशवी फुगताना तिथली शिवण ठरलेल्या जागी उसवली पाहिजे, म्हणून कंपनी तिथे वेगळा दोरा, वेगळी शिलाई वापरते. त्यावर आपण जाड कव्हर घट्ट ओढून बसवलं, किंवा त्या शिवणीवर साध्या मजबूत दोऱ्याने टीप मारली, तर पिशवी हवी तशी उघडणार नाही. माझ्या दुकानात ती शिवण आम्ही हातात घेत नाही. गिऱ्हाईक रागावलं तरी घेत नाही.

देवराई ताई, तुमची उसवलेली शिवण खाली बसायच्या भागाला आहे असं मी धरतोय. तसं असेल तर अडचण नाही. सीट बाहेर काढायची वेळ आली तर मात्र इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली, आणि गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढा वेळ थांबूनच खालचे पिवळे कनेक्टर सोडवायचे. एअरबॅगचे कनेक्टर बहुतेक पिवळेच असतात. चावी चालू ठेवून ते सोडवले तर डॅशबोर्डवर दिवा पेटतो आणि मग गॅरेजमधल्या स्कॅनरशिवाय जात नाही.

ज्यांच्या सीटला बारीक भोकं आहेत, हवा खेळवणाऱ्या सीट्स, त्यांनी गोदाकाठ यांची फिलरची पायरी भोकांच्या भागात करू नये. भोकं बुजतात. तो तुकडा उसवून नव्या भोकांच्या चामड्याचा घालणं बरं.

कॅक्टसवाडी

फिनिक्स, ॲरिझोनाहून. आमच्याकडे हा रोजचाच प्रश्न, म्हणून थोडी भर. इथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उन्हात आणि सावलीत उभ्या केलेल्या गाड्यांचं तापमान मोजून प्रसिद्ध केलं. ३८ अंशांच्या वरच्या दिवसांत, उन्हात तासभर उभ्या गाडीत डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सियसवर गेला होता आणि सीट ५१ च्या आसपास. सावलीतल्या गाडीत सीट ४१ च्या जवळपास. म्हणजे नुसत्या सावलीने सीटचे दहा अंश वाचले. नागपूर-चंद्रपूरकडच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

इथे मी पुढच्या काचेला घडीचा पडदा लावल्याशिवाय गाडी सोडत नाही. चामड्याला कंडिशनर पाजण्यापेक्षा तो पडदा जास्त राखतो असा माझा अनुभव.

रानजाई

एक जुना प्रश्न. २०२० मध्ये आम्ही गाडीत बसलं की सॅनिटायझर लावायचो, तसेच ओले हात स्टीअरिंगला. आता स्टीअरिंगचं लेदर चिकट आणि टक्कल पडल्यासारखं झालंय. तेही याच पद्धतीने होईल का?

गोदाकाठ

होईल, पद्धत तीच. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने वरचा थर मऊ पडतो आणि मग रोजच्या पकडीने निघून येतो. चिकटपणा पूर्ण निघेपर्यंत सफाई करा, नाहीतर रंग धरणार नाही. स्टीअरिंगला फिलर शक्यतो टाळा, बाइंडर, पातळ रंग आणि क्रॉसलिंकर घातलेला मॅट टॉपकोट एवढंच. निसरडं होईल असं काहीही स्टीअरिंगवर लावू नका. आणि नेलपॉलिश काढायचं द्रव किंवा थिनर चुकूनही नको, तो उरलेला रंगही घेऊन जाईल. तो पांढरा जादूचा स्पंज मिळतो ना भांड्यांच्या दुकानात, तोही नको. तो बारीक पॉलिश पेपरच असतो.

देवराई

मंडळी, काम झालं. मध्ये बरेच दिवस गेले, पण तीन शनिवार-रविवार धरून केलं.

पहिल्या आठवड्यात फक्त तेल काढलं. पाच वेळा पुसायला लागलं. तिसऱ्या दिवशीपर्यंत फडक्याला खोबरेलाचा वास येत होता! शिवण टीपशिलाई दादांनी सांगितली तशी खालच्या भागाचीच होती. वाकड्या सुईने, मेण लावलेल्या पॉलिएस्टर दोऱ्याने, जुन्याच भोकांतून घातली. नवं एकही भोक पाडलं नाही. शिवणीतून बोट घालून पाहिलं तर फुगवट्याच्या टोकाचा फोम चुरून पिठासारखा झाला होता, म्हणून तिथलं चामडं आत सुरकुतत होतं आणि त्या सुरकुतीवरच भेग पडली होती. शिवण बंद करायच्या आधी ओळखीच्या एका कुशनवाल्या काकांकडून कडक फोमची अंगठ्याएवढी पट्टी कापून आणली आणि चिकटवली. हे केलं नसतं तर वरचं सगळं काम फुकट गेलं असतं असं मला वाटतं, त्यामुळे पुढे कोणी करणार असेल तर आधी आतला फोम चाचपा.

बाइंडरचे सहा हात दिले. गोदाकाठ, फ्लॅनेलचं अगदी खरं. भरणीचे पाच पातळ थर. रंग जुळवायला मात्र पूर्ण रविवार गेला, गच्चीत बसून अकरा ठिपके काढले. पहिले सगळे गुलाबी झुकत होते. हेडरेस्टखालचा रंग जुळवला तर सीटच्या बाकी भागाशी फटकून दिसेल म्हणून आधी पूर्ण सीट साफ करून मग तिच्याशी जुळवला. एअरब्रश नव्हता, परफ्युमची रिकामी बाटली धुऊन वापरली, तिने ठिपके मोठे पडले. जवळून पाहिलं तर कळतं. हातभर अंतरावरून नाही.

एकूण खर्च साडेतीन हजारांच्या आत. बाबा रोज येऊन बघत होते, बसायचं नाही म्हणून सांगितलं होतं तर दार उघडून नुसतं उभे राहायचे. चौथ्या दिवशी बसले. हात फिरवला आणि म्हणाले, "इथे माझा हात रुतायचा."

आता प्रश्न असा की पुन्हा तिथेच झिजू नये म्हणून काय करायचं? बसण्याची सवय ७४ व्या वर्षी कशी बदलणार?

टीपशिलाई

ताई, काम पक्कं झालंय, वाचूनच कळतंय. मोठ्या ठिपक्यांचं मनावर घेऊ नका, सहा महिन्यांनी एक अगदी पातळ हात देऊन वर टॉपकोट दिलात तरी ते बुजतील.

सवय बदलायला नको, जागा बदला. गाडी बंद करायच्या आधी सीट पूर्ण मागे सरकवायची आणि वरखाली होत असेल तर सगळ्यात वर घ्यायची. मग दोन्ही पाय आधी बाहेर, जमिनीवर टेकवायचे, आणि तिथून उभं राहायचं. फुगवट्यावर ओझं येतं ते पाय आत असताना शरीर ओढल्यामुळे. आमच्या आईचे गुडघे असेच आहेत, तिला सीट वर घेतल्याने उठायला निम्मा जोर लागतो. मागच्या खिशात पाकीट ठेवत असतील तर ते पुढच्या खिशात. नवीन गडद जीन्स घालून पहिले काही दिवस या सीटवर कोणी बसू नका, बेजवर निळं चढतं.

सफाई महिन्या-दीड महिन्याने, ओल्या मऊ फडक्याने. तेल नाही, चकाकी नाही. टॉपकोट कधी गुळगुळीत, चकचकीत दिसायला लागला तर तो मळ आहे, नव्याची झळाळी नव्हे. साफ करा.

देवराई

सीट मागे घेण्याचं बाबांना आजच दाखवलं. पहिल्यांदा विसरले, दाराशी आल्यावर आठवलं, परत नीट बसले आणि खालचा दांडा ओढून सीट मागे घेतली. दोन्ही पाय खाली ठेवून उठले. फुगवट्याला हातही लागला नाही.

रंगाची उरलेली बाटली घट्ट बंद करून, वर गाडीचा नंबर आणि मिश्रणातले थेंब लिहून ठेवली आहे. कोणाला बेजचं प्रमाण हवं असेल तर विचारा: पांढऱ्या पन्नास मिलिलिटरला पिवळ्या मातकटाचे चौदा थेंब, तपकिरीचे पाच, काळ्याचे दोन. लाल अजिबात नको.